मुकादमाची पाठवणी

"हे घर आहे की गाडी, ते आधी ठरवा. मग मी चढते," असं म्हणत शेवंतीने पायरीवर टेकवलेला पाय परत खाली घेतला.

करी रोडच्या टॉवरच्या आवारात पांढरी कॅम्पर व्हॅन उभी होती. मनालीने, तिच्या नातीने, ती आठवडाभरासाठी भाड्याने आणली होती, आणि लग्नात रुखवत दाखवावं तशी ती आजीला एकेक वस्तू दाखवत होती.

"हा बेड. हा दुमडला की टेबल होतं. ही शेगडी, हा फ्रीज. आणि आजी, हे बेसिन."

"मोरी म्हण."

"बरं, मोरी."

शेवंतीने मान आत घातली, नळ सोडून पाहिला, बंद केला. "चाळीतल्या मोरीपेक्षा बरी. वरच्यांचं पाणी डोक्यावर गळत नाही. आणि हा कोण बसलाय ड्रायव्हर होऊन?"

ड्रायव्हरच्या सीटवर मुकादम बसला होता. तांबूस अंगाचा, एक कान उभा नि एक पडका, तोंडाभोवती पिकलेला गावठी कुत्रा. काच खाली होती. खिडकीवर हनुवटी टेकून आवारात कोण येतं, कोण जातं, याच्यावर त्याची नजर होती. शेवंतीच्या मुलाने, विकासने, त्याला कमरेने ढकललं तेव्हा कुठे तो नाखुशीने बाजूला सरकला.

"हो बाबा बाजूला. लायसन माझ्याकडे आहे."

"त्याने चालवली तर लवकर पोचू," शेवंती म्हणाली. "तू बेस्टचा ड्रायव्हर. गावापर्यंत दर स्टॉपवर थांबशील."

सगळे हसले. सून राधासुद्धा हसली. जरा जास्तच हसले, कारण ही सहल कशासाठी निघाली होती ते प्रत्येकाला ठाऊक होतं. मुकादमाला गावी नेऊन दिराकडे सोडायचं होतं आणि परत येताना गाडीत तो नसणार होता. हे ठरवलं होतं शेवंतीनेच, आणि शेवंतीने ठरवलेलं आजवर बदललेलं कोणी पाहिलं नव्हतं.

मुकादम तिच्या नवऱ्याचा. दत्ताराम तरुणपणी गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर एका डेकोरेटरचा टेम्पो चालवायचा. एका वर्षी गणपतीच्या धामधुमीत टेम्पोखाली सापडलेलं पिल्लू त्याने शर्टाच्या आत घालून लालबागच्या चाळीत आणलं. पिल्लू जमिनीवर ठेवलं तर ते सरळ उंबऱ्यात जाऊन बसलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायला लागलं. "हा आमच्या खात्याचा मुकादम," दत्ताराम म्हणाला, "कोण उशिरा आला, कोण लवकर सटकला, सगळं बघतोय." शेवंतीने त्या दिवशी चाळ डोक्यावर घेतली. खोलीत माणसांना पाय पसरायला जागा नाही नि हा माणूस कुत्री गोळा करतो, म्हणाली. म्हणता म्हणताच तिने वाटीत दूधभात कालवला.

चाळीत तिची एक रीत होती. रात्री ताटं घेतली की ती गॅलरीत येऊन कठड्याला धरून हाक मारायची. दत्ताराम नाक्यावर, विकास मंडळाच्या कट्ट्यावर, राधा नळावर, मनाली शेजारच्या खोलीत टीव्हीसमोर. एकेकाला वेगळं बोलवायला वेळ कोणाला आहे? शेवंती एका दमात सगळ्यांना बोलवायची. "अहो, विकास, राधा, मनाली, मुकादम!" नवऱ्याचं नाव ती घेत नसे, त्यामुळे पहिलं 'अहो' सगळ्या गल्लीला कळायचं. आणि सगळ्यात आधी जिना चढून यायचा तो शेवटच्या नावाचा.

मग चाळ पाडली आणि टॉवर उठला. चावी हातात यायच्या आधीच दत्ताराम गेला. नवीन घर शेवंतीच्या नावावर झालं. दुसरीपर्यंत शिकलेली ती, सह्या करायच्या होत्या त्या जागी नाव गिरवून गिरवून घाम फुटला. पण त्यानंतर ती स्वतः गिरगावात गेली आणि दुकानदाराच्या पुढ्यात उभं राहून पितळेची पाटी करून घेतली. श्रीमती शेवंती दत्ताराम पाताडे. जन्मात पहिल्यांदा तिचं नाव कशावर तरी कोरलं गेलं होतं. दर शनिवारी ती पाटी चिंचेने घासायची. लिफ्टमधून उतरणाऱ्या कोणालाही वाचल्याशिवाय पुढे जाता येऊ नये अशा बेताने ती ठोकलेली होती.

आणि त्याच पाटीवर आता गोष्ट येऊन ठेपली होती.

गणपती झाल्यावर सोसायटीची मिटिंग भरली. सेक्रेटरी शामराव. जुना शेजारी, चाळीत समोरच्या खोलीतला, गावाकडे पलीकडच्या वाडीतला. शामराव म्हणाला की मुकादम लिफ्टमध्ये बसून राहतो, उतरत नाही, वरखाली फेऱ्या मारतो, बायकापोरं घाबरतात. आणि परवा लॉबीत त्याने खांबापाशी पाय वर केला. "वहिनी, त्याच्यामागे कोणीतरी फडकं घेऊन फिरायला पाहिजे," एवढंच तो बोलला, तेही हळू. पण मागच्या खुर्चीवर कोणीतरी फिस्सकन हसलं.

शेवंती उठून उभी राहिली. "दिवाळीचा कंदील लागायच्या आत हा कुत्रा या बिल्डिंगीतून जाईल. नाही गेला, तर माझ्या नावाची पाटी मी माझ्या हाताने उतरवीन."

"अहो वहिनी, असं कोणी म्हटलं…"

पण ती तोवर दाराबाहेर पडली होती.

शेवंतीचा शब्द म्हणजे काय चीज आहे ते लालबागला माहीत होतं. जिन्याखाली बसणाऱ्या कांता कोळणीशी एकदा भाव करताना ती बोलून गेली, तुझ्या पाटीला पुन्हा हात लावणार नाही. झालं. पुढची कित्येक वर्षं ती मासे आणायला दादरला गेली. पाऊस असो, पाय दुखोत. कांता बिचारी राधाच्या हाती गुपचूप कोलंबी धाडायची, आणि शेवंती ती खाताना म्हणायची, दादरची कोलंबी ती दादरची.

तर मुकादम जाणार हे नक्की झालं. ट्रेनने न्यायचा तर गार्डाच्या डब्यात पिंजऱ्यात. "चोरी केली काय त्याने?" शेवंतीने विचारलं. वाटेतल्या लॉजवाल्यांना मनालीने फोन केले, कुत्रा म्हटल्यावर सगळ्यांच्या खोल्या भरलेल्या निघाल्या. शेवटी तिनेच ही गाडी शोधून काढली. आजोबांच्या कुत्र्याला पोचवायचं तर मानाने पोचवू, म्हणाली. यावर आजी काही बोलली नाही, म्हणजे कबूल.

गाडी निघाली. विकास खरंच बस चालवल्यासारखी गाडी चालवत होता. डाव्या बाजूने, सावकाश, कोणी हात केला की ब्रेकवर पाय. पनवेल मागे पडेपर्यंत शेवंती गप्प बसली आणि मग तिच्याच्याने राहवेना. "पुढे सरका, पुढे सरका, पुढची गाडी रिकामी आहे," ती कंडक्टरच्या आवाजात ओरडली. राधाला हसता हसता ठसका लागला.

दसरा होऊन गेला होता. ऑक्टोबरचं ऊन काचेतून चटका देत होतं, पण पेणच्या पुढे दोन्ही अंगांना भात पिवळं झालं होतं आणि डोंगरउतारावर सोनकी फुलली होती. मुकादमाने खिडकीबाहेर तोंड काढलं होतं. वाऱ्याने त्याचा पडका कानसुद्धा उभा राहिला होता. शेवंतीने त्याच्या गळ्यातला पट्टा मुठीत धरून ठेवला होता.

"आजी, तू त्याला किती घट्ट धरलंयस."

"पडला बाहेर तर विकास स्टॉप आल्याशिवाय गाडी थांबवायचा नाही. म्हणून."

दुपारी एका नदीच्या कडेला, आंब्याच्या सावलीत गाडी लागली. शेवंतीने शेगडी पेटवली आणि पिशवीतून सुके बोंबील काढले.

"आजी, नको. भाड्याची गाडी आहे. वास जाणार नाही."

"जाऊच नये. पुढच्या भाडेकऱ्याला कळू दे कोण राहून गेलं ते."

तिला त्या गाडीत कसं वावरायचं ते कोणी शिकवावं लागलं नाही. विकासचं डोकं कपाटाला आपटत होतं, मनालीला ताट ठेवायला जागा सापडत नव्हती, आणि शेवंती एका जागी उभी राहून कमरेतून वळायची. या हाताला डाळ, त्या हाताला पाणी, गुडघ्याने फ्रीज बंद. सगळा जन्म तिने एवढ्याच जागेत संसार केला होता. टॉवरमध्ये स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत मीठ न्यायचं तर तिला गावाला निघाल्यासारखं वाटायचं. प्रत्येकाची खोली वेगळी, प्रत्येकाचं दार बंद. स्वयंपाक झाला की राधा सगळ्यांना मोबाइलवर मेसेज टाकायची, जेवायला या. हाक मारून बघितली होती शेवंतीने एकदा, राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात. पॅसेजमध्ये आवाज असा घुमला की दोन मजले वरून कोणीतरी विचारलं, आग लागली का. तेव्हापासून ती गप्प.

आता भात झाला, बोंबील झाले, ताटं मांडली. विकास पुढची काच पुसत होता, राधा पाण्यात पाय सोडून बसली होती, मनाली कुठेतरी फोटो काढत होती आणि मुकादम बांधावरच्या बगळ्यांच्या मागे लागला होता. शेवंती गाडीच्या पायरीवर आली. हाताला धरायला दाराची कड लागली, चाळीच्या कठड्याएवढ्याच उंचीवर. आणि तिला कळायच्या आत आवाज निघाला. आधी छाती भरून श्वास. 'अहो' गळ्यापर्यंत आलं, ते तिने गिळलं. मग,

"विकास, राधा, मनाली, मुकादम!"

नदीपलीकडच्या शेतात कापणी करणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. बगळे उडाले. विकासच्या हातातलं फडकं तसंच राहिलं आणि तो, पन्नाशीला टेकलेला माणूस, शाळेतून सुटल्यासारखा धावत आला. मुकादम अर्थातच त्याच्या आधी.

"किती दिवसांनी, आई," राधा ओला पाय साडीला पुसत म्हणाली.

"जेवा. गार होतंय," शेवंती म्हणाली.

रात्री सगळे ओळीने झोपले, चाळीतल्यासारखे. मुकादम दाराशी आडवा, म्हणजे बाहेर जायचं तर त्याला ओलांडून, त्याच्या परवानगीने. सकाळी राधा चहा ओतताना म्हणाली, "आई, तुमचं घोरणं ऐकून बरं वाटलं. तिकडे दारं बंद असतात ना, मला वाटायचं तुम्ही झोपताच नाही." राधा घरात दिवसाला चार वाक्यं बोलायची. त्यातलं एक असं खर्च झालेलं बघून शेवंतीने तिच्याकडे दुसरा कप मागितला.

मालवणच्या अलीकडच्या गावात गाडी शिरली तेव्हा धाकटा दीर लवू खळ्यात भात झोडत होता. त्याने गाडीच्या भोवती एक चक्कर मारली.

"वयनी, ह्या काय हाडलंस? घरात घर?"

"तुझ्या घरात जागा नाय म्हणून आपली घेऊन इलंय."

"आणि हो पावणो?" लवूने वाकून मुकादमाच्या डोक्यावर हात ठेवला. "दादाचो ना हो? रवांदे. माझ्या खळ्यात राजासारखो रवात. काळजी करू नको."

काळजी करायचं काही कारणच दिसेना. मुकादम खळ्याच्या कडेला जाऊन बसला आणि भाताचे भारे घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर लक्ष ठेवायला लागला. संध्याकाळपर्यंत वाडीतली पोरं त्याला नावाने हाका मारत होती. दुसऱ्या दिवशी तो लवूच्या मागे शेतावर गेला आणि चिखलाने माखून आला. लवूच्या बायकोने त्याला पेजेत सोडे घालून दिले. मनाली रडवेली झाली, "बघ ना आजी, किती खूश आहे."

"मेल्याला दोन दिवसांत विसर पडला आपला," शेवंती म्हणाली. तिला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. कुत्र्याची सोय झाली, शब्द राहिला, पाटी राहिली. ती दिवसभर खळ्यात बसून शेंगा सोलत होती आणि कारण नसताना लवूवर डाफरत होती. ह्या असा नको झोडू, ता तसा नको ठेवू.

अंधार पडला की मात्र मुकादम लवूच्या पडवीत थांबायचा नाही. तो उठून गाडीपाशी यायचा आणि तिच्या दाराशी आडवा व्हायचा. शेवंती गाडीतच झोपायची, ती आतून बघायची.

निघायच्या दिवशी सकाळी सगळे देवळात गेले. मुंबईकर परत निघाला की ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, ही गावची रीत. गुरव देवाला सगळं सांगतो, कोण आलं, कुठे निघालं, काय मागतात, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. तेवढं झालं की देवाने ऐकलं. एकदा ऐकलं ते ऐकलं. दत्ताराम होता तोवर गुरवाला नावं तो सांगायचा. आज लवूने वहिनीला पुढे केलं. "आता घरात मोठा माणूस तूच."

सभामंडपाच्या बाहेर, चपलांपाशी, मुकादम बसला होता. आत कोण गेलं, कोण राहिलं, बघत.

गुरवाने नारळ हातात घेतला. "घरातली माणसां सांगा."

शेवंतीने पदर सारखा केला. छाती भरून श्वास घेतला. एवढा मोठा श्वास एकाच कामासाठी घ्यायची सवय त्या छातीला होती. पहिला शब्द गळ्यात अडला, गिळला गेला, आणि बाकीचे आपोआप आले.

"विकास, राधा, मनाली, मुकादम."

देवळात घुमलं ते. बाहेर चपलांपाशी शेपटी आपटल्याचा आवाज आला.

गुरवाने मान वळवून दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हो मुकादम खयचो?"

सगळे तिच्याकडे बघत राहिले. विकास, राधा, मनाली, लवू. अजून वेळ होता. चुकून गेलं, म्हणायला एक क्षण पुरला असता, आणि नारळ अजून गुरवाच्या हातातच होता. शेवंतीने तोंड उघडलं. पितळेची पाटी तिला डोळ्यांसमोर दिसली, शनिवारी घासल्यावर दिसते तशी, अक्षरांच्या खाचांतसुद्धा काळं नाही अशी.

"घरातलोच," ती म्हणाली.

गुरवाने डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी मुंबैकर लेकरां तुझ्या पायाकडे इली…"

"होय म्हाराजा."

"ह्या विकासाक, ह्या राधाक, ह्या मनालीक, ह्या मुकादमाक सुखी ठेव. तेंच्या रोजगाराक बरकत दी…"

मनालीला हसू आवरेना, तिने ओढणी तोंडात कोंबली. "होय म्हाराजा."

"वाटेत काय आडवा इला तर ता बाजूक कर. जी पावलां घरातून भायर पडली, ती सगळी पावलां सुखरूप तेंच्या घराक पोचव…"

"होय म्हाराजा," शेवंती सगळ्यांत मोठ्याने म्हणाली.

सगळे देवळाच्या पायऱ्या उतरले. मग लवूने डोकं खाजवलं. "वयनी, आता काय? देवाक सांगून चुकलंस."

"माका ठाऊक आसा."

विकास चाचरत म्हणाला, "आई, गुरवांना सांगून परत गाऱ्हाणं घालता येईल. तुझी पाटी…"

"देवाला काय सांगू? मघाचं रद्द, कुत्रा सोडून बाकीचे पोचव? सोसायटीची मिटिंग आहे काय ती?" शेवंतीने चपला पायात सरकवल्या आणि मुकादमाला पायाने ढोसलं. "ऊठ. बसलाय साळसूद होऊन. घर बुडवलंस माझं."

मुकादम उठला आणि तिच्या पुढे चालायला लागला. कोणाला वाट सांगायची गरज नव्हती. तो थेट गाडीत चढला आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला.

येताना गाडीत नवीन तांदळाची गोण होती, कोकमं होती, लवूने दिलेले फणसाच्या लाकडाचे दोन पाट होते, आणि त्यातून उरलेल्या जागेत सगळे एकमेकांच्या अंगावर रेलून बसले होते. मनालीने गाणी लावली. घाटात शेवंतीने विकासला दोन ट्रकना मागे टाकायला लावलं. "मार पुढे. आज कुठल्या स्टॉपवर थांबायचं नाही." विकासने आयुष्यात पहिल्यांदा असा हॉर्न वाजवला की मुकादमही भुंकला. शेवंतीने सगळ्यांना खोबऱ्याच्या वड्या वाटल्या, आणि पाटीविषयी कोणी काही काढलं की ती खिडकीबाहेर बोट दाखवायची, "ते बघ, भात कसं झालंय."

टॉवरच्या आवारात गाडी शिरली तेव्हा शामराव स्टुलावर चढून गेटच्या कमानीला सोसायटीचा कंदील बांधत होता. गाडीचं दार उघडलं. आधी मुकादम उतरला. मग शेवंती.

शामरावाच्या हातातली दोरी तशीच राहिली.

"कंदील लावा, भावजी," शेवंती म्हणाली. "थांबू नका. आणि तुमचा स्क्रू ड्रायव्हर द्या जरा."

"कशाला, वहिनी?"

"पाटी उतरवायची आहे."

शामराव स्टुलावरून खाली आला. "अहो, कोणी मागितली होती पाटी? मी फडकं म्हटलं होतं, फडकं."

"मिळेल. फडकं घेऊन मीच फिरेन त्याच्या मागे. लिफ्टमध्येसुद्धा. पण बोलले ते बोलले."

"मग तिकडे का नाही सोडलात?"

"गाऱ्हाण्यात नाव गेलं त्याचं. घरातला म्हणून."

शामरावाने दोरी खाली ठेवली. तो पलीकडच्याच वाडीतला. देवळात होय म्हाराजा झाल्यावर सेक्रेटरीने काय बोलायचं असतं? त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, रुमालाला पुसला आणि तिच्या हातात दिला. मग स्वतःही लिफ्टमध्ये शिरला. मुकादम कोपऱ्यात बसला होता, त्याला वळसा घालून.

विकास म्हणाला, मी काढतो. शामराव म्हणाला, मी काढतो. शेवंतीने दोघांनाही मागे केलं. माझ्या हाताने म्हटलं होतं ना, माझ्याच हाताने. तिने एकेक स्क्रू फिरवला. हात दुखला की थांबली, पुन्हा फिरवला. शेवटचा स्क्रू सुटताना पाटी घसरली, ती शामरावाने खालून दोन्ही हातांनी झेलली आणि देवळातला प्रसाद द्यावा तशी तिच्यापुढे धरली.

शेवंतीने ती पदराने पुसली. अक्षरांवरून बोट फिरवलं, शे, वं, ती. मग आत जाऊन दत्तारामाच्या फोटोसमोर ठेवली. "अहो, ठेवा जरा तुमच्यापाशी."

मनाली दारातच उभी होती. दारावर आता नुसती चार भोकं होती. "आजी, परत कधी लावायची?"

शेवंतीने मुकादमाकडे पाहिलं. तो उंबऱ्यात बसला होता. उन्हात, गावात इतके दिवस ते ध्यानात आलं नव्हतं, पण या ट्यूबलाइटच्या उजेडात त्याचं तोंड फार पांढरं दिसत होतं.

"हा आहे तोवर नाही," ती म्हणाली. "आणि लावायची घाई कोणाला आहे?"

तिने नव्या तांदळाचा भात टाकला. उरलेले बोंबील भाजले, वास लिफ्टपर्यंत गेला. विकास आपल्या खोलीत, राधा बाथरूममध्ये, मनाली कानात ती बोंडं घालून पलंगावर, मुकादम पॅसेजच्या टोकाला लिफ्टसमोर. तिने पाच ताटं घेतली, एक परत ठेवलं, त्याच्या जागी वाडगा घेतला. राधाचा मोबाइल ओट्यावरच पडला होता. शेवंतीने तो उचललासुद्धा नाही. ती दाराबाहेर आली, चौकटीला धरलं, छाती भरून श्वास घेतला आणि पहिल्या शब्दाच्या जागी जरा थांबली.

"विकास, राधा, मनाली, मुकादम!"

आवाज पॅसेजभर गेला, जिन्यातून खाली उतरला, वर चढला. आतली दारं एकेक करून उघडली. कुठेतरी दोन मजले वर कडी वाजली. आणि खालच्या मजल्यावरून, आपल्या दारातून, शामराव मोठ्याने ओरडला,

"होय म्हाराजा!"

शेवंतीला हसू फुटलं, ते तिने कोणाला दिसू नये म्हणून तोंड भिंतीकडे वळवलं. मुकादम सगळ्यांच्या आधी पोचला, उंबऱ्यात बसला आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. शेवटी राधा आली. तो उठून तिच्या मागे आत गेला.

शेवंती त्याच्या पाठोपाठ आत आली. दार तिने लावलं नाही.